तिसऱ्या डब्यातला पत्रा

१

शुक्रवारी सकाळी मिस्टर मूडली डब्यात चढले आणि चढले तसेच खाली उतरले.

"म्मे पुलेंग," ते म्हणाले, "आपला पत्रा गेला."

म्मे म्हणजे आई; पुलेंग रांताओला सगळे असंच म्हणायचे. तिच्या हातात झाडू होता. दर शुक्रवारी ती डबा झाडायला यायची. तिने झाडू शेडच्या भिंतीला टेकवून ठेवला. आज झाडून चालणार नव्हतं. रेल्वे पोलिसांत तारांचे चोर पकडण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, आणि चोरीच्या जागी पहिला शत्रू झाडू असतो हे ती विसरली नव्हती.

जर्मिस्टनच्या जुन्या यार्डाला लागून ती लांबट शेड आहे. तिच्यात हा एकच डबा उभा होता, विजेवर चालणाऱ्या जुन्या पिवळ्या-करड्या गाडीचा. त्याची सगळी भावंडं भंगारात कापली गेली. हा वाचला, कारण बेनोनीचं औषधांचं दुकान मुलाच्या हवाली करून मूडलींनी त्याच्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, गाड्यांवर जीव टाकणारी चार म्हातारी माणसं जमवली, मंडळ काढलं.

गेलेला पत्रा दाराशेजारचा. परातीएवढा, आणि परातीसारखाच खोलगट. सकाळच्या गाडीत हा डबा पुढून तिसरा असायचा, आणि पुढून तिसरा डबा म्हणजे प्रार्थनेचा, हे त्या लाइनीवर सगळ्यांना ठाऊक होतं. कामाला निघालेली माणसं उभ्या-उभ्या गायची. ढोल आणणार कुठून, म्हणून दाराशेजारचा पत्रा तळहातांनी वाजवायची. वर्षानुवर्षं वाजून वाजून त्याला तो पोचा पडला होता. बाकी सगळा डबा नव्यासारखा करायचा, पण ह्या पत्र्याला जो हत्यार लावील तो मंडळातून बाहेर, असा मूडलींचा कडक नियम होता.

"कुलूप?" पुलेंगने विचारलं.

"जसंच्या तसं. किल्लीनेच उघडलंय. एक किल्ली माझ्याकडे, एक ऊम फानीकडे, आणि तिसरी..." मूडलींनी वाक्य सोडून दिलं.

पुलेंग पायरीवर उभी राहून आत बघत होती. छत घासून झालं होतं आणि पुट्टीची पांढरी भुकटी अजून वरून झिरपत खाली बसत होती. जमिनीवर नवंकोरं लिनोलियम. त्यावरच्या भुकटीत पावलं उमटली होती. दारापासून पत्र्याच्या जागेपर्यंत, आणि परत. अनवाणी पावलं.

"बघितलंत?" मूडली तरातरा आत गेले, भिंतीतल्या रिकाम्या चौकटीपाशी उभे राहिले. "स्क्रूसुद्धा परत लावून ठेवलेत. प्रत्येक आपापल्या भोकात, दोन-दोन आटे. चोर मोठा नीटनेटका!"

एवढ्यात शेडच्या दारातून ऊम फानी आला. फानी स्त्रायडम, सगळ्यांचा ऊम म्हणजे काका, रेल्वेच्या कारखान्यात उभा जन्म पत्र्यांचे पोचे काढलेला माणूस, धिप्पाड आणि कुरकुऱ्या. पायरीपाशी येताच तो ओरडला, "अहो टाचा! टाचा उचला आधी!"

मूडली दचकून बाजूला झाले. लिनोलियमवर त्यांच्या बुटांच्या टाचा मळलेल्या पिठात उमटाव्यात तशा उमटल्या होत्या. फानी बाहेरूनच वाकला, लांब हात करून अंगठ्याने ते खळगे दाबू लागला.

"फानी, पत्रा चोरीला गेलाय! आणि तुला फरशीची पडलीये?"

"फरशी मी घातलीय," फानी मान वर न करता म्हणाला. "आणि पत्र्याचं म्हणाल तर मी पहिल्यापासून सांगतोय, तो सरळ करून घ्या. माझं ऐकतो कोण?"

मूडलींनी रुमालाने कपाळ पुसलं. "तिसरी किल्ली रविवारी इथं गायला येणाऱ्या बायकांकडे आहे. माखांबुलेकडे. आणि अनवाणी कोण येतं? देवाच्या दारात जोडे काढणारे. रविवारी माळावर पांढरे झगे घालून अनवाणी उभी असलेली माणसं मी काय पाहिली नाहीत? त्यांना त्यांचा ढोल हवा होता, घेऊन गेल्या. मी विश्वासाने दार उघडून दिलं, म्मे. विश्वासाने!"

"रविवार परवा आहे, मिस्टर मूडली," पुलेंग हळूच म्हणाली. तिचा आवाज नेहमीच इतका खाली असायचा की समोरच्याला पुढे झुकावं लागे. "तोवर मला विचारपूस करू द्या."

"करा. पण रविवारी सकाळी पत्रा भिंतीवर नसेल, तर ह्या डब्याला नवं कुलूप. त्या बायकांसाठी कायमचं."

२

पुलेंगचं एक व्रत होतं. गुरुवारचा उपास आणि पहाटेची प्रार्थना ह्यांच्याइतकंच जुनं. ज्याच्यावर संशय घ्यायचा, त्याचं नाव घेऊन आधी त्याच्यासाठी प्रार्थना करायची. चौकीतले लोक हसायचे. "सार्जंट, तुमची प्रार्थना होईपर्यंत चोर डर्बनला पोचतो." ती म्हणायची, "पोचू दे. परतीचं तिकीट आपण काढू."

कॅटलेहाँगला जाताना टॅक्सीत तिने माखांबुलेसाठी प्रार्थना केली. ड्रायव्हरने गाणी इतकी मोठ्याने लावली होती की देवाला ऐकू गेली असेल की नाही, तिची तिलाच शंका आली.

माखांबुले अंगणात माग्विन्या, आंबवलेल्या पिठाचे गोळे, तळत होती. शाळा सुटायच्या आत पाटी भरायची होती. पुलेंगला बघून तिने झारा कढईवर आपटला.

"आलात? बेड्या आणल्यात की नुसतंच दोरीने बांधणार?"

"चहा असला तर आधी चहा घेईन."

"ऐका! पोलिसाला चहा हवा." पण तिने पातेलं ठेवलं, आणि एक गरम माग्विन्या कागदात घालून पुढे केला. "खा. चोरीचा नाही. पीठ माझं आहे."

बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. ती बोलत होती आणि तिचा झारा थांबत नव्हता.

"त्या मूडलीला सांगा, आम्ही एकमेकींना नावाने ओळखत नाही. हसू नका, खरं आहे. पायलट स्टेशनची आई. क्वेसिनेची थोरली. निळ्या टोपीची. चढायच्या, गायच्या, उतरायच्या. आडनाव कोण विचारतं? मग तारा चोरीला गेल्या, गाडी थांबली, आणि आमची मंडळी वाऱ्यावर गेली. कुणाचा पत्ता नाही, फोन नाही. पुढे कुणी कुणाला रांगेत सांगितलं की बाई, आपला डबा जर्मिस्टनला उभा आहे. मग रविवारी एक आली. पुढच्या रविवारी दुसरी. मागच्या महिन्यात क्वेसिनेची थोरली दारात उभी! मी तिला मेली समजत होते. ती म्हणाली, 'अगं, मी तुझ्या नावाने रडूनसुद्धा घेतलं.'" माखांबुले हसली आणि डोळे पुसले, तेलाचा हात होता म्हणून कोपराने. "अजून कितीतरी यायच्यात, म्मे. त्या कधीतरी येतील आणि दाराला कुलूप बघून परत जातील. मग मी त्यांना कुठे शोधू? कोणत्या गावात?"

पुलेंगने चहाचा घोट घेतला. "पावलं अनवाणी होती, माखांबुले."

"असतील."

"देवाच्या जागी तुम्ही जोडे काढता?"

माखांबुले तिच्याकडे बघतच राहिली. मग एवढ्या मोठ्याने हसली की कुंपणापलीकडचा कुत्रा भुंकला.

"गाडीत? त्या गर्दीत? अहो, माळावर जमणाऱ्या मंडळींचं वेगळं. त्यांना गवत आहे, मोकळं आकाश आहे. आमच्या डब्यात जोडा काढला असता तर एका पायाने कामावर जावं लागलं असतं! आम्ही जोड्यांसकट देवाच्या पुढे उभ्या राहिलो, बाई. खाणीतले बूट, हॉस्पिटलातले बूट, मालकिणीने दिलेले घट्ट बूट. त्याने कधी तक्रार केली नाही."

पुलेंगही हसली. मग तिने विचारलं, "तुमची किल्ली दाखवाल?"

माखांबुलेचं हसू गेलं. झारा पहिल्यांदा थांबला.

"ती माझ्याकडे नाही," ती म्हणाली.

३

किल्ली शेडच्या चौकीदाराकडे होती. माखांबुलेने मागच्या रविवारीच ती त्याच्याकडे ठेवायला दिली होती. नातवंडं तिच्या पेटीतलं सगळं उचलतात, म्हणून. चौकीदार ग्रेशम चिर्वा मूळचा मलावीचा, वाळलेल्या मक्याच्या ताटासारखा उंच. त्याच्या खोपटात खिळ्याला ती लटकत होती, आणि तिच्यावर त्याची टोपी.

"ग्रेशमभाऊ, ही कुणी नेली होती?"

"टोपी?"

"किल्ली."

"नाही मॅम. टोपी काढल्याशिवाय किल्ली निघत नाही, आणि टोपी माझ्या डोक्यावर नसली की मला थंडी वाजते. म्हणजे कळलंच असतं."

"मग ह्या आठवड्यात डब्यात कोण आलं?"

"कोणी नाही. मंगळवारी ऊम फानीने फरशी घातली, मागे मागे सरकत दारातून बाहेर पडला आणि कुलूप लावून टाकलं. मूडलीसाहेब तर आजच आले."

"आणि ऊम फानी पुन्हा?"

"तो काय, तो रोजचाच. काल दुपारी उरलंसुरलं लिनोलियम कांबळ्यात गुंडाळून बक्कीच्या मागच्या हौद्यात टाकून घेऊन गेला. दार मीच धरलं. काटकसरी आहे म्हातारा." मग ग्रेशमने आवाज खाली आणला. "पण मॅम, तुम्ही त्याला विचारत बसू नका. तुम्ही पलीकडे विचारा."

"पलीकडे?"

त्याने कुंपणाकडे हनुवटी केली. पलीकडे फेरेराचं भंगाराचं आवार होतं, गंजलेल्या डोंगरांचं.

"बुधवारी फेरेरा इथं आला होता. मला सिगारेट दिली. फेरेरा कुणाला सिगारेट देत नाही, मॅम. आणि मला म्हणाला, तो पोचा पडलेला पत्रा मिळवून देशील का, त्याला परदेशातलं गिऱ्हाईक आहे."

४

पुलेंगने कुंपणापाशीच थांबून फेरेरासाठी प्रार्थना केली. ही प्रार्थना जरा लांबली. फेरेराला तिने नोकरीत असताना तांब्याच्या तारांपायी दोनदा आत टाकलं होतं.

"सार्जंट!" फेरेरा पत्र्याच्या ढिगावरून दोन्ही हात पसरून खाली उतरला. "तुम्ही निवृत्त झालात म्हणून मी मेणबत्ती लावली होती. विझवू का?"

"असू दे. बुधवारी ग्रेशमला सिगारेट दिलीस."

"पाप आहे?"

"तुझ्या बाबतीत नवल आहे."

फेरेरा खळखळून हसला आणि मग सरळच बोलला. हो, एका वाद्य जमवणाऱ्या माणसाने विचारलं होतं. हो, त्याला पत्रा हवा होता. पण ग्रेशमने सिगारेट ओढली आणि नाही म्हणाला. त्यानंतर गाडी पुढे गेली नाही. "शोधा हवं तर. आवार उघडं आहे. कुत्र्याला मात्र हाक मारू नका, त्याला वाटतं जेवण आलं."

"मी शोधणार नाही," पुलेंग म्हणाली. "नुसतं सांग, तुझ्याकडे येणाऱ्या माणसांपैकी हे काम कुणाचं असेल? पत्रा चौकटीतून अलगद काढलाय. स्क्रू परत जागच्या जागी लावलेत."

"काय लावलेत?"

"स्क्रू. प्रत्येक आपल्या भोकात."

फेरेराने टोपी मागे सारली. "सार्जंट, माझ्याकडे येणारी माणसं स्क्रू सोडत नाहीत. चौकटसुद्धा सोडत नाहीत. जमलं तर चाकं नेतात. स्क्रू परत लावणारा चोर मी जन्मात पाहिला नाही. मी विचारतो, कशाला लावेल? त्याचा पुन्हा काय संबंध?"

तिने त्याचे आभार मानले, इतक्या मनापासून की फेरेरा गोंधळला.

शनिवारी सकाळी ती एकटी डब्याच्या पायरीशी गेली. आत पाऊल न टाकता बसून राहिली. अनवाणी पावलं तशीच होती. मूडलींच्या टाचांचे खळगे आता जवळजवळ भरून आले होते; कुणाच्या तरी अंगठ्याने मन लावून दाबले होते. तिने वाकून बोटाने लिनोलियमची कड दाबली. खालचा सरस अजून ओला होता.

तेवढ्यात मूडली आले. "मिळालं काही?"

"मिस्टर मूडली, फरशी मऊ आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला? मी आत चढल्यावरच... फानी ओरडल्यावर कळलं."

"माखांबुलेला?"

"तिला कुठून? ती रविवारी आली होती. फरशी मंगळवारची."

पुलेंग उठली, स्कर्टवरची भुकटी झटकली.

"मग मला एका माणसाकडे चहाला जायचं आहे," ती म्हणाली, आणि यार्डाच्या वाटेवर तिचे ओठ हलताना मूडलींना दिसले. ती प्रार्थना करत होती. कुणासाठी, ते त्यांना कळलं नाही.

५

फानी स्त्रायडमच्या गॅरेजचं दार आतून लावलेलं होतं. पुलेंगने एकदाच टकटक केलं आणि थांबली. फार वेळ थांबली. आतून कडी निघाली.

टेबलावर कांबळं अंथरलेलं होतं, आणि कांबळ्यावर पत्रा उपडा पडला होता. पाठीवर बोटभर रुंदीची पितळी पट्टी डाग देऊन बसवलेली. काम इतकं सफाईदार होतं की पट्टी पत्र्यातूनच उगवल्यासारखी वाटत होती.

"बसा," फानी म्हणाला. "साखर संपलीय."

"बिनसाखरेचा चालेल."

त्याने किटली ठेवली. पाठ फिरवूनच विचारलं, "कशावरून?"

"तुम्ही आल्या आल्या भिंतीकडे बघितलं नाहीत, ऊम फानी. सगळ्यांनी आधी भोक बघितलं. तुम्ही फरशी बघितलीत. भिंतीत काय नाही, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. आणि ते जोडे भक्तीपायी काढलेले नव्हते. ओल्या फरशीवर बूट नकोत, हे एकट्या तुम्हाला माहीत होतं. राहिले स्क्रू. पत्रा परत आणायचा असतो तोच माणूस स्क्रू जागेवर ठेवतो. एवढं फेरेराने मला फुकट शिकवलं."

"फेरेराने!" फानी पुटपुटला, जणू हाच खरा अपमान. तो स्टुलावर बसला. मोठे हात मांडीवर ठेवले. अंगठ्यावर भाजल्याचा ताजा डाग होता.

"कारखान्यात दर मोठ्या दुरुस्तीला हा डबा माझ्याकडे यायचा," तो म्हणाला. "हुकूम असायचा, दाराशेजारचा पत्रा सरळ करा. मी सरळ करायचो. आरशासारखा. परत यायचा तेव्हा पुन्हा पोचा. मी शिव्या घालायचो, म्मे. मला वाटायचं लाथा मारतात, नासधूस करतात. कुणी सांगितलंच नाही की गातात म्हणून. मी त्या गाडीत कधी बसलो नाही. आम्हा गोऱ्यांचे डबे वेगळे असायचे तेव्हा, आणि नंतर मी मोटार घेतली."

किटली वाजू लागली. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"पत्रा काही कापड नाही. वाकवा, सरळ करा, वाकवा, सरळ करा. दर खेपेला थोडा मरतो. मागच्या रविवारी मी शेडबाहेर उभा होतो. ऐकत. मी ऐकतो कधी कधी. माखांबुले वाजवत होती आणि मध्येच पत्रा खरखरला. त्या आवाजाने मला कळलं, चीर आरपार गेली. अजून एक रविवार, आणि कुणाचा तरी तळहात फाटला असता. ब्लेडसारखी धार असते तिला."

"मग सांगायचं होतं."

"कुणाला? मूडलीला? त्याने पत्रा काचेत घातला असता, वर पाटी लावली असती, 'हात लावू नये'. आणि मी हातोडी लावली म्हटल्यावर मला बाहेर काढलं असतं. बायको, मारी, गेल्यापासून मी त्या शेडपलीकडे कुठं जातो? गुपचूप न्यायचा, सांधायचा, शनिवारी लावून टाकायचा. कुणाला कळलं नसतं. पण शुक्रवारी सकाळीच बोंब झाली."

"आणि बायकांवर आळ आला."

"हो."

"आणि तुम्ही अंगठ्याने फरशी दाबत राहिलात."

फानीची मान खाली गेली ती वर आली नाही. पुलेंगने उठून स्वतःच किटली उतरवली, दोन कप भरले, एक त्याच्या हातात दिला.

"उद्या सकाळी मी तिथं असेन," ती म्हणाली. "तुमचं नाव मी तुमच्या आधी घेणार नाही. पण बायका दारात उभ्या असतील, आणि मूडलींच्या हातात कुलूप असेल."

"आणि मी आलो नाही तर?"

"तर मला खोटं बोलता येत नाही, ऊम फानी. विचारलं तर सांगावं लागेल."

६

रविवारी सूर्य शेडच्या पत्र्यावर चढला तेव्हा बायका फाटकाशी जमल्या होत्या. जाड कोट, डोक्याला फडकी, हातात बायबल. गात नव्हत्या. त्यांच्यात एक नवी होती, काठी टेकत आलेली, सगळ्यांकडे आळीपाळीने बघणारी. माखांबुलेने तिला बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"निळी टोपी!"

"टोपी केव्हाच फाटली," म्हातारी म्हणाली. "डोकं तेच आहे."

मूडली कुलूप हातात घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा बघून कुणालाही दया आली असती. औषधांच्या दुकानात कधी कुणाला परत पाठवलं नव्हतं त्या माणसाने.

"म्मे पुलेंग, वेळ झाली. पत्रा भिंतीवर नाही."

"चोरी ह्या बायकांनी केलेली नाही," पुलेंग म्हणाली. बायका पुढे झुकल्या. तिने सगळं सांगितलं, हळूहळू. गाडीतली मंडळी जोडे काढत नव्हती, हे. फरशी ओली होती आणि ते फार थोड्यांना ठाऊक होतं, हे. स्क्रू परतीची वाट बघत होते, हेही. फक्त नाव घेतलं नाही.

"फार थोड्यांना म्हणजे..." मूडलींच्या भुवया वर गेल्या. "नाही. नाही, म्मे. तो फरशीवर माझ्या टाचा सहन करत नाही. तो नेईल पत्रा?"

यार्डाच्या वाटेवर बक्कीचा आवाज आला.

फानी उतरला. रविवारचा कोट, केस ओले करून बसवलेले, काखेत कांबळं. तो थेट मूडलींपुढे गेला नाही. आधी माखांबुलेपुढे उभा राहिला.

"मी नेला होता," तो म्हणाला. "आणि तुमच्यावर आळ आला तेव्हा गप्प बसलो. चीर गेली होती, म्हणून नेला. गप्प बसलो ते भ्यालो म्हणून."

मूडलींनी कुलूप खिशात घातलं आणि हात पुढे केला.

"किल्ली, फानी. नियम मी केलेला आहे."

फानीने किल्ली दिली. मग म्हणाला, "तेवढा बसवून जाऊ?"

फरशी आता घट्ट झाली होती. त्याने पत्रा चौकटीत बसवला, स्क्रू पिळले, तळहाताने पुसला. बायका त्याच्या मागोमाग आत चढल्या, जोड्यांसकट. माखांबुले पुढे झाली. पोच्यात हात ठेवला, जणू एखाद्याचा चेहरा चाचपते आहे. मग वाजवला.

धप्.

पुन्हा वाजवला. धप्. लाकडी पेटीवर थाप पडावी तसा. मागच्या पट्टीने चीर सांधली होती आणि आवाज गिळला होता.

फानीला ते आत्ताच कळत होतं. गॅरेजात त्याने पत्रा सांधला, घासला, न्याहाळला. वाजवून बघायचं त्याला सुचलं नव्हतं.

"बघितलंस?" मूडली म्हणाले. "म्हणूनच म्हणत होतो, हत्यार लावू नका. मुका केलास तू तो, फानी."

"आणि तुम्ही?" माखांबुले त्यांच्याकडे वळली. "चिरू दिला असता. हा सांधतो आणि मारतो, तुम्ही जपता आणि मारता. छान जोडी आहे. लग्न लावून द्यायला हवं."

निळ्या टोपीची म्हातारी खुदकन हसली, आणि तिच्यामागून बाकीच्या. मूडलींनाही हसू आलं, त्यांनी ते खोकल्यात लपवलं.

माखांबुले डब्याच्या पलीकडच्या दारापाशी गेली. तिथला पत्रा फानीने मागच्याच महिन्यात सरळ करून रंगवला होता. त्यात बायकांचे चेहरे दिसत होते. तिने बाही वर केली.

"माखांबुले," मूडली घाईने म्हणाले, "तो नवा रंग... तो पत्रा गाडी नवीकोरी निघाली तेव्हा होता तसा..."

"गाडी निघाली तेव्हा त्याही पत्र्याला पोचा नव्हता, मिस्टर मूडली. आम्ही पाडला. आता पुन्हा पाडू. मला वेळ नाही, पण हिला आहे." तिने मागच्या एका तरुण बाईकडे मान केली. "आणि एक सांगते. ह्या माणसाला काढलंत तर आम्हीही येणार नाही. चीर त्याने ऐकली. तुम्ही ऐकली नाहीत, आणि वाजवता वाजवता मीही ऐकली नाही."

मूडलींनी त्या चकचकीत पत्र्याकडे बघितलं. मग किल्ली फानीच्या कोटाच्या खिशात टाकली. "एकच पत्रा," ते म्हणाले. "बाकीच्यांना हात नाही. एकच."

माखांबुलेने हात उगारला. फानीने डोळे मिटून घेतले, इंजेक्शनच्या आधी मूल मिटतं तसे. थाप पडली. आवाज निघाला, पण कोंडलेला, अर्धा.

फानीने डोळे उघडले. तो दोन पावलं पुढे आला.

"जरा खाली मारा, मा," तो म्हणाला. "वर मागं डब्याच्या सांगाड्याची आडवी पट्टी आहे, तिथं आवाज बसतो. इथं. माझ्या बोटाखाली."